माघार घेत टिकलेले गाव : पेटेन

डच लोकांनी समुद्र जिंकला, हे आपण शाळेच्या भूगोलापासून ऐकत आलो आहोत. पोल्डर म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या जमिनी, पवनचक्क्या आणि १९३२ साली पुरा झालेला बत्तीस किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक हा बांध पाहिला की ते पटतेही. पण नॉर्थ हॉलंड प्रांतात, उत्तर समुद्राच्या अगदी काठावर असलेल्या पेटेन या छोट्या गावाचा इतिहास वेगळेच सांगतो. उघड्या समुद्रासमोर डच माणूस सहाशे वर्षे मागे सरकत आला आहे, आणि ही माघार विचारपूर्वक घेतलेली आहे म्हणूनच तो टिकला, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर १४२१ मधल्या सेंट एलिझाबेथच्या पुरात मूळ पेटेन बुडाले. चर्चमध्ये आसरा घेतलेले चारशे लोक वाहून गेले असे सांगतात. आकडा परंपरेचा आहे, तो तसाच घ्यावा. गाव पुन्हा वसले ते आतल्या बाजूला, आणि जुन्या वस्तीची जागा आज समुद्राखाली आहे. संरक्षक बांधाचेही तेच झाले. होंड्सबोस नावाचा हा बांध शतकानुशतके तुटत आणि मागे घेतला जात राहिला. त्याच्यामागे आणखी दोन बांध आहेत. पुढचा ‘जागता’, मधला ‘निजलेला’ आणि शेवटचा ‘स्वप्न पाहणारा’, अशी त्यांची जुनी डच नावे आहेत. पुढचा बांध कधीतरी फुटणारच, हे गृहीत धरूनच ही रचना उभी राहिली आहे.

यावर कोणी म्हणेल की याच परिसरात जमीन मिळवलीही गेली. खरे आहे. गावामागची झाइपेची खाजण जमीन कोरडी करण्याचा प्रयत्न १५५०च्या दशकात यान फान स्कोरेल या नामवंत चित्रकाराने केला. तो टिकला नाही, पण १५९७ साली पोल्डर पक्का झाला. मात्र ही कमाई आतल्या, शांत पाण्याची होती. विजयाची कथा सांगताना हे दोन हिशेब एकत्र केले जातात आणि बाहेरच्या किनाऱ्यावरचा तोटा झाकला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १८८०च्या सुमारास बांध दगडी झाला आणि त्यानंतर त्याची रेषा हलली नाही. मग माघार कुठे उरली? याचे उत्तर बांधाच्या पायथ्याशी होते. एकमेकांना चिकटवून बसवलेल्या बेसॉल्टच्या खांबांवर लाट आपटते, परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण राहत नाही. दोन्ही बाजूंच्या वाळूच्या टेकड्या मागे हटत राहिल्या, जागचा न हललेला बांध मात्र समुद्रात पुढे आला आणि अधिकाधिक मार खाऊ लागला. १९८०च्या आसपास तो साडेअकरा मीटरपर्यंत उंच केला गेला. तरीही या शतकाच्या सुरुवातीच्या तपासणीत किनाऱ्याच्या कमकुवत दुव्यांमध्ये त्याची गणना झाली. दगडाने रेषा राखली, पण तिच्यासमोरचा किनारा गमावला.

१९४३ साली जर्मन सैन्याने अटलांटिक तटबंदीसाठी गाव जमीनदोस्त केले, तो विनाश मी समुद्राच्या खात्यावर टाकत नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. रिकामी झालेली जागा सोडून देण्याची संधी असताना गाव युद्धानंतर त्याच बांधाच्या आड नव्याने बांधले गेले. शेजारच्या टेकड्यांमध्ये १९६१ साली सुरू झालेली अणुभट्टी आज युरोपातील रुग्णालयांना लागणारी किरणोत्सारी समस्थानिके बनवते. तेव्हा माघार म्हणजे गाव वाऱ्यावर सोडणे नव्हे.

मग २०१५चे काय? त्या वर्षी बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला सुमारे साडेतीन कोटी घनमीटर वाळू ओतून नवी पुळण आणि नव्या टेकड्या तयार झाल्या. किनारा पुढे सरकला, हा विजयच नाही का? मला तसे वाटत नाही. ही वाळू वाहून जाणार, हे ओतणाऱ्यांना ठाऊक होते, आणि पुन्हा भर घालण्याची तरतूद योजनेतच होती. दगडाने समुद्राला अडवण्याचा हट्ट सोडून, लाटेला खर्च करता येईल असे काहीतरी तिच्यापुढे ठेवणे ही जागच्या जागी राहून घेतलेली माघार आहे. १९९० पासून हेच देशाचे धोरण आहे : त्या वर्षीची किनारारेषा वाळूची भर घालून राखायची. २००१ पासून त्यासाठी वर्षाला सरासरी सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर वाळू समुद्रतळातून उपसून डच किनाऱ्यावर टाकण्याचे ठरले, आणि हे काम कधी संपेल अशी तारीख त्या धोरणात नाही.