कन्हदास सोनाराची सही

ग्रीक कलाकार कामावर नाव घालत आणि आपले कारागीर नम्रतेने निनावी राहत, हा समज दोन्ही बाजूंनी लंगडा आहे. अथेन्सच्या एक्सेकियास या कुंभार-चित्रकाराने आपल्या भांड्यांवर नाव घातले हे खरे. पण बहुतेक ग्रीक भांड्यांवर चितारणाऱ्याचे नावच नाही. म्हणून तर जॉन बीझली या अभ्यासकाला विसाव्या शतकात निव्वळ हाताची लकब ओळखून ‘बर्लिन चित्रकार’ यासारखी कामचलाऊ नावे द्यावी लागली. इकडे कन्नड तालुक्यातल्या पितळखोरे लेण्यांत डोक्यावर पात्र धरलेला, खुदकन हसणारा ठेंगणा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे, की हे कन्हदास सोनाराने केले. काळ साधारण इ.स.पू. दुसरे-पहिले शतक.

हा कन्हदास पैसे देणारा दाता असेल, अशी शंका घेता येते. पण दानाच्या लेखांत सहसा ‘दान’ हा शब्द येतो. इथे ‘कता’, म्हणजे केली, असे आहे. मग सोनार दगड कसा घडवेल? सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे, तेव्हा बारीक कामाचा हात दगडाकडे वळणे नवलाचे नव्हते. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात ‘कन्हाचा शिष्य बालक याने केले’ असा लेख आहे. हा कन्हा म्हणजेच आपला कन्हदास, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा मात्र नावाच्या साम्यापलीकडे जात नाही. कारागिराची अशीच आणखी एक सही पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या लेण्यात आहे: धेनुकाकट इथल्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याची नोंद.

एवढ्या लेण्यांत अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच नावे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरून नम्रता सिद्ध होत नाही. याच लेण्यांत व्यापारी, भिक्षुणी, गृहस्थ यांची नावे ठळक कोरली आहेत. ज्याने खर्च केला, त्याचे नाव दगडावर चढले. कार्ल्याच्या खांबांवर ‘यवन’ म्हणवणारे अनेक जण आहेत. यवन म्हणजे ग्रीक, म्हणून हे लेणे ग्रीकांनी कोरले असे कुणी म्हणते, तेही चूक. हे यवन खांबांचे दाते आहेत. ते खांब प्रत्यक्ष कोरणाऱ्यांची नावे तिथे नाहीत.