भुतापेक्षा मोठ्या बाई भारी!

मुलींची निवासी शाळा, जुनी दगडी इमारत, लांबच लांब व्हरांडे, ठरल्या वेळी दिवे बंद. एवढी तयारी झाली की भूत आपोआप येणारच, असं आपण धरून चालतो. पण या जातीच्या गाजलेल्या कादंबऱ्या आणि सिनेमे चाळले, तर भूत बरेचदा अगदीच बापुडवाणं निघतं. खरी दहशत असते ती मोठ्या बाईंची. नाहीतर मग स्वयंपाकघराची!

‘जेन आयर’ (१८४७) मधली लोवूड शाळाच घ्या. सकाळी करपलेली लापशी, हिवाळ्यात तोंड धुवायला घ्यावं तर पाणी गोठलेलं. एका मुलीचे केस जन्मतःच कुरळे, तर ते कापून टाका, असा संस्थाचालकांचा हुकूम. हुकूम सुटतो न सुटतो तोच त्यांच्या बायको-मुली मखमल-रेशमात नटून, कुरळ्या बटा मिरवत वर्गात हजर! हे सगळंच काही कल्पनेतून आलेलं नव्हतं. शार्लट ब्राँटे आठ वर्षांची असताना, १८२४ साली, लँकाशरमधल्या कोवन ब्रिजच्या शाळेत गेली. तिच्या दोन मोठ्या बहिणी, अकरा वर्षांची मारिया आणि दहा वर्षांची एलिझाबेथ, त्या शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ मध्ये क्षयाने गेल्या. शाळेचे संस्थापक पाद्री कॅरस विल्सन मुलांसाठी मासिक काढत. त्यात काय असायचं? गुणी, देवभीरू मुलांच्या मरणाच्या गोष्टी. एलिझाबेथ गॅस्केलने १८५७ मध्ये शार्लटच्या चरित्रात शाळेचं नावच छापलं आणि वर्तमानपत्रांतून पत्रोपत्री जुंपली. शाळेच्या बाजूचे एकीकडे, शार्लटचे पती दुसरीकडे.

शार्लटच्याच ‘व्हिलेट’मध्ये (१८५३) मात्र रीतसर भूत आहे: शाळेच्या बागेत फिरणारी, म्हणे जिवंत पुरलेली, नन. शेवटी कळतं की तो एका विद्यार्थिनीचा प्रियकर. तिला भेटायला झगा घालून कुंपण ओलांडायचा! त्यापेक्षा मादाम बेक कितीतरी भीतिदायक. आवाज न होणारे जोडे घालून फिरणार, नव्या शिक्षिकेच्या सामानाची झडती घेणार आणि तिच्या किल्ल्यांचे मेणावर ठसे उमटवून घेणार. अशा बाई असताना भुताला काम काय उरणार?

इटलीच्या दारिओ अर्जेंतोने ‘सस्पिरिया’ (१९७७) हा सिनेमा लिहिला तो बारा वर्षांच्या आतल्या मुलींची पात्रं धरून. एवढा रक्तपात आणि एवढ्या लहान पोरी? ते काही जमलं नाही, तरुण नट्या घ्याव्या लागल्या. मग पठ्ठ्याने दारांच्या मुठी उंचावर बसवल्या, म्हणजे दार उघडताना मोठ्या मुलीही बिचाऱ्या लहान दिसाव्यात. यातल्या नृत्यशाळेत छतातून अळ्या पडतात. कारण चेटूक वाटेल, पण तिथे सांगितलं जातं की माळ्यावरचं अन्न सडलंय. पुन्हा स्वयंपाकघरच!

या सगळ्यांत माझी लाडकी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या जोन लिंडसेची ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९६७). १४ फेब्रुवारी १९००, ॲपलयार्ड कॉलेजच्या मुली सहलीला निघतात. उकाड्यात हातमोजे कधी काढायचे, तेही मोठ्या बाईंनी ठरवून दिलेलं: वुडेंड गाव मागे पडल्यावर. भरदुपारी घड्याळं बारावर थांबतात, आणि तीन मुली नि गणिताच्या बाई खडकावर चढून नाहीशा होतात. गणिताच्या बाई शेवटच्या दिसल्या त्या स्कर्टशिवाय! एकच मुलगी पुढे सापडते, तिला काही आठवत नाही.

ही घटना खरी की खोटी, हे प्रस्तावनेत लिंडसेबाईंनी वाचकांवरच सोडलं. आजही त्या खडकावर गेलेले पर्यटक नाहीशा झालेल्या मुलींपैकी एकीला ‘मिरांडा!’ अशी हाक मारतात. कॅलेंडर मात्र चुगली करतं. कादंबरीत तो दिवस शनिवार आहे, प्रत्यक्षात बुधवार होता. बाईंना त्याचं काय? आपण जवळ आलो की लोकांची घड्याळं बंद पडतात, असं त्या सांगत. आत्मचरित्राचं नावही ‘टाइम विदाउट क्लॉक्स’.

कोड्याचा उलगडा त्यांनी लिहिला होता, पण प्रकाशकाकडून शेवटचं प्रकरण काढायचा सल्ला आला. ते बाहेर आलं १९८७ मध्ये, बाईंच्या पश्चात. त्यात मुली घट्ट आवळलेल्या कॉर्सेट काढून कड्यावरून भिरकावतात, तर त्या हवेतच तरंगत राहतात. सल्ला देणाऱ्याला शंभर मार्क! पीटर वेअरच्या १९७५ च्या सिनेमातही उलगडा नाही. तिथलं ते स्वप्नाळू धूसर दृश्य कशाने साधलं? भिंगावर नवरीच्या डोक्यावरची जाळी ताणून.

इकडे ॲपलयार्ड कॉलेजात मोठ्या बाईंना चिंता फीची. पालक मुली काढून न्यायला लागतात, तसा त्यांचा राग थकबाकी असलेल्या अनाथ सारावर निघतो. कड्यावरच्या गूढापेक्षा ही पानं जास्त बोचतात.

मुंबईकरांसाठी खास: लिब्बा ब्रेच्या ‘अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी’ची (२००३) सुरुवात १८९५ च्या मुंबईतल्या बाजारात होते, तीही थेट नागासमोर. त्या दिवशी सोळा वर्षांची झालेल्या जेमाला काहीही करून लंडन गाठायचंय. त्याच दिवशी आईचा गूढ मृत्यू होतो आणि इंग्लंड मिळतं, पण स्पेन्स अकादमी नावाच्या निवासी शाळेच्या रूपात. शाळेचा पूर्वेकडचा भाग जळलेला, म्हणून कुलूपबंद. मुलींनी तिकडे फिरकायचं नाही, असं बजावलेलं. मग काय, त्या जाणारच!