कोयीतलं मोहन

आमच्या लहानपणी दिवाळीची नानकटाई घरी भाजली जात नसे. मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप घेऊन बेकरीत जायचं आणि संध्याकाळी गरम डबा घेऊन परतायचं. ती नानकटाई जिभेवर विरघळायची, कारण तिच्यातलं मोहन घट्ट असायचं. साखरेबरोबर फेसताना घट्ट तुपाचे बारीक कण हवा धरून ठेवतात. मैद्याभोवती त्याचा लेप बसला की पिठाला चिवटपणा येत नाही. पातळ तेल घातलं तर तीच नानकटाई भट्टीत पसरून चपटी होते.

पण त्या घट्टपणाची किंमत होती. तेलात हायड्रोजन मिसळून वनस्पती तूप बनतं आणि ही क्रिया अर्धवट राहिली की ट्रान्स फॅट तयार होतं. ते हृदयाला घातक असतं. म्हणून १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेलं आणि वनस्पती तुपांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली. घट्टपणासाठी आता मुख्य भिस्त पाम तेलावर आहे, आणि ते बहुतेक बाहेरून येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो.

आता मे महिन्यातला छत्रपती संभाजीनगरचा शहागंज बाजार आठवा. केसरच्या पेट्या, रसाच्या गाड्या आणि त्यांच्यामागे साली-कोयींचा ढीग. त्यातली एक कोय धुऊन कडक उन्हात वाळवली आणि कानाशी हलवली की आतली बी खुळखुळते. कवच फोडलं की तपकिरी पापुद्र्यातली पांढुरकी बी हाती येते. चवीला ती तुरट, पण तिच्या वाळलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तेलाचा असतो. हे तेल गार झालं की आपसूक तुपासारखं थिजतं, त्याला हायड्रोजन लागत नाही. त्यातलं स्टिअरिक आम्ल कोको बटरमध्येही भरपूर असतं. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना परवानगी दिली, त्यांत आंब्याची कोय आहे आणि आपलं कोकमही आहे.

कोकणाला हे नवं नाही. आमसुलं करून उरलेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर आलेला तवंग गार झाला की त्याचे मुठीत गोळे वळायचे. हेच मुठेल. भेगाळलेल्या टाचांना लावायला ते घरोघरी असे आणि स्वयंपाकातही वापरलं जाई. टाकाऊ बियांतून खाद्यतेल काढायची ही आपलीच रीत आहे.

बेकरीसाठीचं कामही झालेलं आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी कोयीचं आणि मोहाच्या बियांचं तेल घेऊन, त्यातला घट्ट भाग वेगळा काढून आणि मिश्रणं करून ट्रान्स फॅट नसलेलं बेकरीचं मोहन तयार केलं. ते २००१ साली प्रसिद्धही झालं.

मग अडतं कुठे? हिशेब मांडून पाहू. शंभर किलो आंब्यातून पंधरा-वीस किलो कोयी निघतात. त्या फोडून बी वाळवली की उरतात चार-पाच किलो, आणि तेल मिळतं जेमतेम अर्धा किलो. एका गाडीचं हे काम नव्हे, सगळ्या बाजाराच्या कोयी एकत्र आल्या तरच ते परवडेल. दुसरी अडचण पावसाची. ओल्या बीत जवळपास निम्मं पाणी असतं. ती ढिगात पडून राहिली की बुरशी धरते, तेल खवट होतं. म्हणून कोय त्याच दिवशी कचऱ्यापासून वेगळी करायची आणि मृग लागण्याआधी वाळवायची. पुढे तेल काढून ते शुद्ध करायला गिरणी लागतेच, पण तिथवर चांगली बी पोचवणं हे बाजाराचं काम आहे.

आणि विवेकही हवा. दिवाळीत याच गाड्यांवर दौलताबादची सीताफळं असतात. त्यांच्या बियांतही तेल असतं, पण ते विषारी. उवा मारायला त्या बिया वापरतात, आणि त्यांची पूड डोळ्यांत गेली तर इजा होते. प्रत्येक बी खायची नसते. कोणती खायची, हे तपासणाऱ्या माणसांची या शहराला वाण नाही. शहागंजापासून जवळच, हिमायत बागेत कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे.

मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. तो अभिमान कोयीपर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी येत्या मे महिन्यात एकच गोष्ट करू. रसाच्या प्रत्येक गाडीपाशी कोयींची वेगळी टोपली ठेवू. ऊन तर इथे फुकट आहे.