खटला सीरियाचा, न्यायालय जर्मनीचे

कोब्लेन्झ, जर्मनी

युद्धगुन्हे, वंशसंहार असे शब्द कानावर पडले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे हेग उभे राहते. जगाचे एक मोठे न्यायालय तिथे आहे, क्रूरकर्म्यांचा हिशेब तिथेच व्हायचा आणि आपण फक्त बातमी वाचायची, असा आपला समज. कोब्लेन्झ या मध्यम आकाराच्या शहराने तो समज पार मोडीत काढला आहे. ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांच्या संगमावरच्या या गावातील प्रादेशिक उच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी अन्वर रस्लान याला जन्मठेप ठोठावली. रस्लान हा सीरियाच्या गुप्तचर खात्यातला कर्नल. दमास्कसमधल्या 'अल-खतीब' नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोठडीत तो चौकशी विभागाचा प्रमुख होता. निदान चार हजार कैद्यांचा छळ आणि २७ खून त्याच्या माथी सिद्ध झाले. आरोपी सीरियन, मेलेले सीरियन, गुन्ह्याची जागा सीरियात. जर्मनीचा संबंध एवढाच, की तो आश्रय मागत इथे आला. २०१५ मध्ये, आपल्यावर पाळत ठेवली जात आहे अशी तक्रार घेऊन तो स्वतःच बर्लिनच्या पोलिसांकडे गेला आणि आपण पूर्वी काय काम करत होतो तेही सांगून बसला.

मग हेगचे न्यायालय कुठे होते? ते होते तिथेच होते, पण त्याचे हात बांधलेले होते. हे न्यायालय ज्या करारातून उभे राहिले, ती रोम संविधी सीरियाने स्वीकारलेली नाही. अशा देशाचे प्रकरण हेगकडे सोपवण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला असतो. २२ मे २०१४ रोजी तसा ठराव आला, १५ पैकी १३ सदस्यांनी बाजूने मत दिले, आणि रशिया व चीनने नकाराधिकार वापरून तो पाडला. मुळात हेगचे न्यायालय शेवटचा पर्याय म्हणूनच घडवले गेले आहे. राष्ट्रीय न्यायालये खटला चालवायला तयार नसतील किंवा असमर्थ असतील, तरच त्याने हात घालायचा. म्हणजे पहिली जबाबदारी देशोदेशींच्या साध्या फौजदारी न्यायालयांची. जर्मनीने ती २००२ च्या कायद्याने अंगावर घेतली. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे जगात कुठेही घडले आणि त्यांचा जर्मनीशी काडीचा संबंध नसला, तरी हा कायदा लागू होतो.

अशा खटल्यातून हाती काय लागते, हे कोब्लेन्झमधल्या एका साक्षीवरून कळते. दमास्कसच्या दफनभूमीच्या कामात असलेला एक माणूस नाव आणि चेहरा झाकून कोर्टात आला. शीतवाहू ट्रकमधून प्रेते कशी यायची आणि सामूहिक खड्ड्यांत कशी उतरवली जायची, हे त्याने सांगितले. शंभराहून अधिक दिवसांच्या सुनावणीत ऐंशीच्या वर साक्षी झाल्या. उलटतपासणीतून तावूनसुलाखून निघालेली साक्ष निकालपत्रात नोंदली गेली, की तिला अफवा म्हणून झटकता येत नाही.

जर्मनांचे सगळेच गोडवे गावेत असे मुळीच नाही. हा खटला ज्यांच्या दुःखाचा, त्यांनाच तो कळू नये अशी व्यवस्था इथे सुरुवातीला होती. कामकाज जर्मनमध्ये चाले आणि अरबी दुभाषा फक्त पक्षकारांना मिळे. अरबी पत्रकारांना भाषांतर ऐकू द्या, हे सांगायला ऑगस्ट २०२० मध्ये देशाच्या घटना न्यायालयाला मध्ये पडावे लागले. त्याहून गंभीर आक्षेप निवडक न्यायाचा. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या छळाबद्दल अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्याविरुद्ध जर्मनीत दोनदा तक्रारी झाल्या आणि दोन्ही वेळा अभियोक्त्यांनी त्या दप्तरबंद केल्या. बेल्जियमचा असाच व्यापक कायदा २००३ मध्ये अमेरिकेच्या दबावापुढे गुंडाळला गेला. बलाढ्यांपाशी हा कायदा थबकतो, हे खरेच. पण त्यासाठी रस्लानलाही सोडायचे का? बडा मासा सुटतो म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द करत नाही. आक्षेपाला उत्तर एकच, आणखी देशांनी असे खटले चालवावेत, म्हणजे कोणावर खटला व्हावा हे दोन-चार राजधान्यांच्या मर्जीवर राहणार नाही.

आणि इथेच मला आपल्या देशाचा राग येतो, कारण आपल्याला हे तत्त्व परके नाही. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले. त्यांनी पळवलेले 'रुएन' हे जहाज माल्टाचा झेंडा लावलेले, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. तरी चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले, कारण २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता. कायदा नसताना काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज पळवणाऱ्यांना १९९९ मध्ये पकडले, २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून ते सुटले. जहाज लुटणारा जगात कुठलाही असो, त्याला आपण कोर्टात उभे करू. पण स्वतःच्याच देशवासीयांना कोठडीत हालहाल करून मारणारा कोणी परदेशी कर्नल उद्या पुण्यात घर घेऊन राहिला, तर मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून त्याच्यावर आरोपपत्र ठेवायला आपल्याकडे कलमच नाही.

रोममध्ये १९९८ साली या संविधीवर मतदान झाले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते, आणि त्या हरकतीत तथ्य आहे. पण ती हरकत हेगबद्दलची आहे. आपलीच संसद, आपलाच न्यायाधीश, आपलाच कायदा असताना सार्वभौमत्व कुठे दुखावते? १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यात परदेशातल्या काही युद्धगुन्ह्यांवर खटल्याची सोय आहे, पण फिर्याद सरकारनेच करायची आणि देशांतर्गत यादवीतले अत्याचार तिच्या बाहेर. वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्येच मान्य केला. १७ डिसेंबर २०१८ रोजी शीखविरोधी दंगलींबद्दलच्या सज्जन कुमार प्रकरणात निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवली पाहिजे. त्यानंतर संसदेने फौजदारी कायदा मुळापासून नव्याने लिहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या दोन्ही गुन्ह्यांसाठी एकही कलम नाही.