जुन्या संगणकास नवें कोठार

पांच-सात वर्षें वापरलेला संगणक मंद चालूं लागला, म्हणजे “आतां हें यंत्र म्हातारें झालें, नवें घ्यावें” असें म्हणण्याचा परिपाठ आहे. परंतु पुष्कळदां दोष यंत्राच्या मेंदूचा नसून त्याच्या कोठाराचा असतो. कोठार बदललें कीं तोच संगणक पुन्हां चपळतेनें कामास लागतो आणि नव्या यंत्राचा मोठा खर्च वांचतो. हें कसें घडतें, तें आपण पाहूं.

संगणकाचें जुनें कोठार म्हणजे हार्ड डिस्क. हिचा उगम १९५६ सालीं आय्. बी. एम्. कंपनीच्या यंत्रांत झाला. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. आजच्या डिस्कची चकती तळहातावर मावते, पण तत्त्व तेंच. चुंबकीय लेपाची चकती फिरते व एका भुजेच्या टोकाशीं असलेलें शीर्ष तिच्यावरील मजकूर वाचतें. चकती मिनिटास ७,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदास १२० फेरे झाले. हवी ती जागा शीर्षाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा २४० वा भाग लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु संगणक सुरू होतांना ठिकठिकाणीं विखुरलेल्या असंख्य लहान फायली वाचाव्या लागतात. अशीं १०,००० वाचनें झालीं, तर केवळ वाट पाहण्यांतच ४० सेकंदांहून अधिक जातात; शिवाय भुजा हलविण्याचा वेळ निराळा.

एस्. एस्. डी. या नव्या कोठारांत फिरणारें कांहींच नाहीं. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधलेली फ्लॅश स्मृति तिच्यांत असते. तींत मजकूर विद्युद्भाराच्या रूपानें सांठतो व सेकंदाच्या सुमारें दहाहजाराव्या भागांत हातीं येतो.

आतां ऑपरेटिंग सिस्टिम नव्या डिस्कवर न्यावयाची, तर फायली उचलून तिकडे ठेवल्या, एवढ्यानें भागत नाहीं. संगणक जागा होतांच एका ठराविक लहान विभागांत आरंभाचा प्रोग्राम शोधतो. तो न सांपडल्यास बाकी सारें असूनही यंत्र उठत नाहीं. म्हणून क्लोनिंगच्या साधनानें सर्व विभागांसह हुबेहूब प्रत काढावी लागते.

या कामीं पुढील क्रम हितावह आहे :

१. महत्त्वाच्या फायलींची प्रत प्रथम तिसऱ्याच ठिकाणीं काढावी. वडील मंडळींचीं छायाचित्रें व मुलांचे अभ्यासाचे कागद पैसे देऊनही पुन्हां मिळत नाहींत.

२. जुन्या डिस्कवरील मजकूर नवीवर मावून कांहीं जागा उरेल, याची खात्री करावी. डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरून घ्यावी.

३. प्रत कोठून कोठें जावयाची, हें दोनदां तपासावें. येथें उलट निवड झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरून सर्वस्व पुसलें जातें. सर्व अनर्थांत हा मोठा.

४. प्रत पूर्ण झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी व नवीवरच यंत्र सुरू करून पाहावें. न झाल्यास आरंभाच्या सेटिंगमध्यें नवी डिस्क पहिली नेमावी.

५. कांहीं आठवडे सर्व सुरळीत चालेपर्यंत जुनी डिस्क पुसूं नये.

नव्या कोठारासही मर्यादा आहेत. त्यावर लिहिण्याची क्षमता परिमित असते, तें कधीं पूर्वसूचनेवांचून बंद पडतें आणि त्यावरून पुसलेली फाईल परत मिळणें बहुधा अशक्य असतें. तसेंच प्रोसेसर दुबळा असेल, तर तो याच्यानें सबळ होत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र टाकून देण्यापूर्वी त्याचें दुखणें कोठें आहे, हें शोधून काढावें. आणि उपचारास हात घालण्यापूर्वी आपल्या ठेव्याची दुसरी प्रत सुरक्षित आहे ना, हें आधीं पाहावें.