तूप फेसलं की निम्मी नानकटाई झाली

दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, तूप, साखर घरून नेऊन बेकरीत द्यायची आणि संध्याकाळी पत्र्याच्या डब्यातून गरम नानकटाई आणायची, ही रीत आपल्याकडे कितीतरी घरांनी पाळली. भट्टी बेकरीवाल्याची, जिन्नस आपले. आता ओव्हन घरी आला, तरी पहिला घाणा बहुधा एक तर पसरून चपटा होतो, नाहीतर दगड. दोन्ही वेळा आधी तुपाकडे बघावं.

प्रमाण असं: २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम साजूक तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चहाचा अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ.

तूप थिजलेलं, रवाळ हवं. वितळलेलं चालत नाही. परातीत तूप-साखर घेऊन तळहाताने आठ-दहा मिनिटं फेसायचं. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि पिवळं तूप पांढरं, हलकं होतं. पुढे ओव्हनच्या उष्णतेने फुगायचे ते हेच बुडबुडे. बेकिंग पावडर त्यांना मोठं करते, नवे फारसे तयार करत नाही. म्हणून फेसण्यातला आळस पावडर वाढवून भरून निघत नाही. फेसलेल्या तुपाचा थेंब पाण्यावर तरंगला की झालं, असं सांगतात. पण तूप पाण्यावर एरवीही तरंगतंच! रंगावर विश्वास ठेवावा.

आता चाळलेली पिठं घालून बोटांनी नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं मळायचं नाही. मैद्याला पाणी मिळालं आणि वर मळणं झालं की त्यात चिवटपणा येतो. इथे पाणी नाही, शिवाय कणाकणाला तूप लागलेलं, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. गोळा वळत नसेल तर दूध शिंपडायचा मोह होतो. तो टाळून चमचाभर तूप घालावं.

गोळे वळून ताट वीस मिनिटं फ्रिजमध्ये. साजूक तूप हाताच्या उबेनेही पाघळतं. ओव्हनमध्ये कडा धरायच्या आत ते वितळलं की नानकटाई पसरलीच. डालडा जरा उशिरा वितळतो, त्यामुळे त्याची नानकटाई आकार छान धरते. टाळूला चिकटते, ते वेगळं.

ओव्हन आधी १६० अंशांवर तापवून अठरा-वीस मिनिटं भाजायचं. वरचा थर आधी सुकतो, आतलं अजून फुगत असतं, म्हणून माथ्याला तडे जातात. बाहेर काढताना ती मऊच लागते. कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये. निवताना तूप थिजतं आणि ती कडक होते.

मग खरी गंमत. अर्ध्या मैद्याऐवजी भाजलेलं नाचणीचं पीठ घाला: रंग चॉकलेटी, चव खमंग, पण नाचणीत चिवटपणा मुळीच नाही, त्यामुळे उचलताना जपावं लागतं. बेसनाऐवजी बारीक रवा घातला तर दाताखाली कुरकुरते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आधी एकच नानकटाई भाजून बघायची. पसरली तर उरलेल्या गोळ्यांत दोन चमचे मैदा घालता येतो. साखरेऐवजी गूळ घातलेली मात्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी डब्यातच मऊ पडली, कारण गूळ हवेतला ओलावा ओढतो. तिला चहात बुडवायचीही गरज उरली नाही, तरी डबा रात्रीपर्यंत रिकामा होता.