न सांगितलेले दुखणे : घरातल्या मांजराचे आजार ओळखताना

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, आमचा बोका रात्रभर लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता. कुंथायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. घरात फराळाची गडबड होती. पोट साफ होत नसेल असे समजून मी त्याला चमचाभर तूप चाटवले. दुसऱ्या दिवशी तो पलंगाखाली गेला आणि जेवायला आला नाही. ‘झोपू दे त्याला,’ असे मीच घरच्यांना सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्याच्या पोटावर बोटे ठेवली आणि लगेच विचारले, ‘याने लघवी कधी केली होती?’ मूत्राशय लिंबासारखे टणक झाले होते. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावले; पण रक्तातले पोटॅशियम इतके चढले होते की हृदयाने साथ दिली नाही. संध्याकाळी मी रिकामी टोपली घेऊन सानपाड्याला परतलो.

लक्षण माझ्या डोळ्यांसमोर होते, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. पुढे वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, तेव्हा लक्षात आले की मांजराचे बरेचसे नेहमीचे आजार त्याच्या मूळ घडणीशी जोडलेले आहेत. ती घडण समजली की लक्षणे वाचणे पुष्कळ सोपे होते.

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे स्पष्ट केले. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. आम्हा सानपाडकरांना ही गोष्ट समजायला एवढ्या लांब जावे लागत नाही. शेजारच्या तुर्भ्यात बाजार समितीचे धान्याचे गाळे आहेत. तिथे उंदीर, म्हणून मांजरे. कुत्र्याला माणसाने हव्या त्या कामासाठी घडवले. मांजर आपणहून आले आणि फारसे बदलले नाही.

रानमांजर एकट्याने शिकार करते आणि स्वतःही मोठ्या जनावराची शिकार होऊ शकते. त्याने दुबळेपणा दाखवला तर मदतीला धावणारा कळप नसतो, टपलेला शत्रू मात्र असतो. त्यामुळे दुखत असताना ओरडण्यापेक्षा आडोशाला गप्प बसणे हा त्याचा स्वभाव बनला. आजारी मांजर पलंगाखाली जाते ते यामुळे. आपण त्याला ‘शांत झालेय’ म्हणतो.

कोरड्या प्रदेशातल्या या जनावराला तहान कमी. पाणी त्याला भक्ष्याच्या मांसातून मिळे आणि मूत्रपिंडे लघवी अतिशय दाट करून ते वाचवीत. आपण त्याच शरीराला कोरडे दाणे खाऊ घालतो. लघवी आणखी दाट होते, तिच्यात खडे आणि चिकट गुठळ्या धरू शकतात. मूत्राशयाला सूज येण्यामागे घरातला ताणही असतो. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असल्याने ती तुंबते. बोका वारंवार कुंथत असेल आणि ट्रेमध्ये ओले काही दिसत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. २४ ते ४८ तासांत जिवावर बेतते.

म्हाताऱ्या मांजरात उलटे दिसते. मूत्रपिंडे थकली की लघवी दाट करण्याची ताकद जाते. पाणी जास्त पिणे आणि लिटरचे ओले गोळे मोठे होणे ही पहिली खूण. रक्तातले क्रिएटिनिन वाढते तोवर मूत्रपिंडांची जवळजवळ तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. मांजर भरपूर खाऊनही रोडावत असेल तर थायरॉइड किंवा मधुमेहाची तपासणी करावी लागते. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम वजन घटणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो घटणे. केसाळ अंगामुळे ते डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट मांसाची. मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे की दूधभात हेच त्याचे अन्न असे अनेक घरांत मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. त्यांच्या शरीराला टॉरिन हा घटक पुरेसा तयार करता येत नाही. तो मांसमासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाऊ शकते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात, हा हृदयाचा संबंध कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला. मांजराला उपासही सोसत नाही. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत बंद पडू लागते. दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर कारण शोधायला हवे. पुष्कळदा ते तोंडात असते : सुजलेल्या हिरड्या, किडलेला दात. मांजर वाटीपाशी येते, वास घेते, घास टाकून निघून जाते; आपण ‘नखरे’ म्हणतो.

मांसाहारी यकृताला वनस्पतींतली आणि औषधांतली अनेक रसायने निकामी करता येत नाहीत. म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या मातकट होतात. सणाच्या पुष्पगुच्छातली लिली तर फुलापासून परागापर्यंत विषारी. पराग अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होतात.

पिल्लांचे संकट वेगळे. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू चपलांबरोबरही घरात येतो. उलट्या, जुलाब, मग पिल्लू मान टाकते. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही त्याची लस द्यायची ती यासाठी. रेबीजची लस सगळ्यांनाच हवी.

आमच्यासारख्या टॉवरच्या वस्तीत पडण्याची भीती असते. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला; उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. हा आकडा दिलासा देतो, पण पडल्यावर उठून चालणाऱ्या मांजराच्याही छातीला किंवा जबड्याला इजा असू शकते. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडते. ती अधूनमधून तपासावी.

परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे. त्या काळात पशुवैद्यकाचा भर घोडे आणि गुरांवर होता. मांजराच्या वेदनेचा बारकाईने अभ्यास अगदी अलीकडचा. २०१९ साली मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी मांडली. कान बाजूला वळलेले, डोळे आकसलेले, तोंडाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोके खांद्यांच्या खाली : प्रत्येकाला ० ते २ गुण. एकूण १० पैकी ४ किंवा अधिक झाले तर वेदनाशामक देण्याचा विचार करावा. अर्थात ते डॉक्टरांनीच.

आता घरात एक भाटी आहे. दर रविवारी तिला टोपलीत घालून वजन करतो, टोपलीचे वजन वजा करून आकडा कॅलेंडरवर लिहितो. ट्रे रोज मीच साफ करतो, ओले गोळे मोजतो. घरचे हसतात. गेल्या दिवाळीत फटाके सुरू झाले आणि ती पलंगाखाली गेली. भीतीने गेली की दुखण्याने, हे बाहेरून सांगता येत नव्हते. पलंगाशेजारी पाण्याची वाटी आणि उकडलेली मासळी ठेवून मी बसून राहिलो. रात्री दीडच्या सुमारास आवाज थांबले, तशी ती बाहेर आली, मासळी खाल्ली आणि ट्रेकडे गेली. ती बाहेर पडल्यावर मी लिटर उकरून पाहिले. ओला गोळा होता, नेहमीएवढाच. मग दिवा मालवून झोपायला गेलो.